भात्यावरची राजूबाई

राजूबाई दिसायला काही अप्सरा नव्हती, हे आधीच सांगून टाकते. काळी, उंच, हाडापेराने मोठी, पुढचे दोन दात जरा बाहेर आणि हसली की तंबाखूने रंगलेल्या हिरड्या दिसायच्या. तळहातांवर कोळशाची काजळी अशी बसलेली की सणासुदीला घासूनसुद्धा निघत नसे. अशा बाईवर जळायचं म्हणजे माझी मलाच लाज वाटायची. पण जळणं काही समोरच्याचं तोंड बघून येत नाही. ती आमच्याकडे होती तोवर मी तिच्यावर जळत होते, ती गेल्यावरही जळत होते, आणि आता तिच्याबद्दल लिहायला बसले म्हणजे ते विझलं असेल, असं कुणी समजू नये.

भालकीत आमची तांब्याच्या भांड्यांची भट्टी होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्यातली रीत, पण पानभर ‘हे’ ‘हे’ लिहीत बसले तर वाचणारा म्हणेल, ही बाई नेमकी कुणाबद्दल बोलायलीय? म्हणून लिहिते: माणिकप्पा. घागरी, हंडे, तपेली घडवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा भालकीत नव्हता. बोलण्यात मात्र दगड बरा. दगडावर पाणी पडलं तर आवाज तरी येतो.

माझं माहेर हुमनाबादचं. तिथेही भट्टीच. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून भाता माझ्या हातात आला. सोयरीक जुळवायला माणसं आली तेव्हा सासऱ्यांनी माझा रंग बघितला नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. “पोरीला जाळ कळतो का?” एवढंच विचारलं. वडील म्हणाले, “जाळाचा रंग बघून तांबं किती तापलंय ते सांगते.” एवढ्यावर लग्न झालं.

भात्याजवळ बसायला एक सपाट दगड होता. आधी सासूबाई त्यावर बसत, मग मी बसू लागले. माणिकप्पा ऐरणीपाशी, मी भात्यापाशी, मध्ये जाळ. घरात सासू, दोन नणंदा, पुढे माझी दोन लेकरं, शिवाय उठसूट येणारे पाहुणे. नवरा-बायकोने एकमेकांकडे सरळ बघावं अशी जागा घरात नव्हती, ती भट्टीवर होती. त्यांनी सांडशी उचलली की मी वारा कमी करायचे. त्यांनी मान हलवली की वाढवायचे. सांगावं लागायचं नाही. दिवसभरात चार शब्द बोलणं झालं तर पुष्कळ, पण माझा संसार काय तो त्या दगडावर झाला. कुणी सोन्याच्या पाटल्या देऊन तो दगड मागितला असता तरी मी दिला नसता.

आणि तो दगड एका कोळसेवालीने घेतला.

राजूबाई औराद तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक. कमठाण्याला दिली होती. नवरा पटकीच्या साथीत गेला, मूलबाळ नव्हतं. सासरचे राबवून घेत आणि उरलंसुरलं खायला घालत. एक दिवस जावेने भाकरी मोजून वाढली, तशी हिने ताट तिच्यापुढे सरकवलं, ‘तुम्हीच खावा’ म्हणाली आणि नेसत्या लुगड्यानिशी निघाली. भावाच्या ओळखीचा एक कोळसेवाला भालकीत होता, त्याच्याकडे येऊन राहिली. हे सगळं तिनेच सांगितलं. रडत नाही, हसत. तिचं दुःखसुद्धा ऐकायला लोक जमायचे, माझं सुखही कुणी विचारत नव्हतं.

कोळशाची पाटी घेऊन ती आमच्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा तिने आधी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर तांब्या उलटा करून बूड बघितलं. म्हणाली, “बूड जाड ठिवलंय. इमानाचं काम हाय.” माणिकप्पा हसले. मी भाता धरून बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत हसले. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या कामाला काय कमी नावाजलं होतं? पण मी म्हणायचे ते घरचं, ती म्हणाली ते बाहेरचं. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडे कोळसा फोडायला येऊ लागली.

इथवर मला फार त्रास नव्हता. ती अंगणात कोळसा फोडायची, मी आत भात्यावर. तिची जागा तिला, माझी मला.

मग जर्मनची लढाई आली आणि लढाईमुळे ईरण्णा आला. हा गुलबर्ग्याचा माणूस. हैदराबादेत कॉलेजात शिकलेला, गुलबर्ग्यात रेडिओच्या आणि मोटारींच्या बॅटऱ्या भरून द्यायचं दुकान टाकून बसलेला. हुमनाबादवरून मोटारीने धूळ खात आला आणि माणिकप्पांच्या पुढ्यात एक चकती ठेवली. रुपयापेक्षा थोडी मोठी, तांब्याची, एका अंगाला विटकरी लाल थर.

त्याने समजावून सांगितलं. तारेतून येते ती वीज झोपाळ्यासारखी पुढेमागे होते. बॅटरीला एकाच दिशेने जाणारी लागते. ह्या चकतीवरचा लाल थर वीज एकीकडून सोडतो आणि दुसरीकडून अडवतो. तो थर बाहेरून लावलेला नाही, तांबं हवेत तापवलं की तांब्याचंच ते होतं. अशा चकत्या विलायतेहून येत, आता लढाईपायी येत नाहीत. पाघळायच्या जरा आधीपर्यंत तापवायचं, मग निववायचं, वर जी काळी पापुद्री धरते ती काढायची आणि खालचं लाल ठेवायचं. कसं निववायचं ते मात्र त्याला धड ठाऊक नव्हतं. कारखानेवाल्यांनी ते आपल्यापाशीच ठेवलं होतं.

“जमंल का, अण्णा?” त्याने विचारलं.

माणिकप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला इतकं बरं वाटलं त्या बघण्याने. मी म्हणाले, “तांबं तापवायचं हाय ना? मग न जमायला काय झालं?”

पहिला घाणा मीच काढला. जाळ असा बांधला की सगळ्या चकत्या एकसारख्या पिवळट नारिंगी झाल्या, एकही पाघळली नाही. निवल्या तेव्हा माणिकप्पा कुठेसे बाहेर गेले होते आणि ईरण्णा दुसऱ्या दिवशी न्यायला यायचा होता. चकत्या काळ्याकुट्ट, कडेला तांबूस, ओंगळ दिसत होत्या. आता आमच्यात भांडं उजळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या आईने तर डाग राहिलेला हंडा गिऱ्हाइकाच्या हातून परत घेतला होता. काळी पापुद्री काढायची, असं ईरण्णा म्हणाला होता, ते मला आठवत होतं. चिंच घेतली, राख घेतली, मीठ घेतलं आणि बसले. काळं गेलं, त्याच्याखालचं लाल आलं, तेही मला मळच वाटलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या चकत्या अशा लखलखीत केल्या की तोंड बघून घ्यावं.

ईरण्णाने बघितल्या आणि खालीच बसला. वाईट बोलला नाही बिचारा. म्हणाला, “अक्का, जे पायजे होतं त्येच घासून टाकलंत की.”

राजूबाई दारात उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला. हसत होती की नाही ते मला दिसलं नाही, पण ती हसलीच असं मी धरून चालले आणि आजही तेच धरते.

माणिकप्पा म्हणाले, “चकत्या राजूबाई बघंल.”

“कामून? तिला काय कळतंय तांब्यातलं?”

“कळत न्हाई म्हणूनच. तुझा हात घासल्याबिगर राहायचा न्हाई.”

हे काही त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मला जे येत होतं त्यापायी माझी जागा गेली, आणि जिला काही येत नव्हतं तिला मिळाली. लढाईत घागरींना तांबं मिळेना, ईरण्णा आणून देईल तेवढंच. घागरी कमी झाल्या, चकत्या वाढल्या, आणि मी चुलीपुढे जाऊन पडले.

चुलीपुढून भट्टी दिसत नाही, पण ऐकू येते. भात्याचा आवाज मला माहेरापासून पाठ. तो चालायचा, चालायचा आणि थांबायचा. मग काही वेळ काहीच नाही. मग पाण्यात चकत्या पडल्याचा चर्रर्र आवाज. आणि त्या मधल्या वेळात माणिकप्पा बोलायचे. काय ते समजायचं नाही, त्यांचा आवाज मुळातच खाली. पण बोलायचे, तेही एक शब्द नाही, सलग. कधी हसायचे. मग राजूबाई काहीतरी विचारायची आणि ते पुन्हा बोलायचे. माझ्या हातात भाकरी असायची आणि तव्यावरची करपून जायची. सासूबाई म्हणायच्या, “महानंदा, कुठं ध्यान हाय तुझं?” मी काय सांगणार? ज्या माणसाने माझ्याजवळ बसून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, तो तिच्याजवळ बसला की त्याला वाचा फुटते, असं सांगू?

गल्लीत कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. भट्टी रस्त्यावर उघडी, दिवसाढवळ्याचं काम, येणारा जाणारा बघत असतो. माझा संशय तसला नव्हताच. तसला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. ती माझ्या जागेवर बसायची आणि माझा नवरा तिच्याशी बोलायचा, एवढंच होतं. एवढ्यावर कुणी माहेरी जातं का?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, राजूबाई भावाच्या शेतात पूजेला औरादकडे गेली आणि चार दिवस राहिली. ईरण्णाची घाई होती. मी म्हणाले, मी बसते, घासणार नाही, शपथ. बसले. लाल थर जिवापाड जपला. चकत्या रंगाला आल्याबरोबर जाळीसकट उचलल्या आणि क्षण न दवडता पाण्यात घातल्या, आम्ही तांबं मऊ करायला घालतो तशा. काळी पापुद्री नुसत्या चिंचेच्या पाण्यात बुडवून सोडवली. दिसायला विलायतेच्या चकतीसारख्याच झाल्या. दुसऱ्या घाण्याला माणिकप्पा म्हणाले, आपण राखेत पुरून सावकाश निववून बघू. त्याही झाल्या.

ईरण्णाजवळ टॉर्चचा एक दिवा आणि बॅटरी होती. चकती मध्ये धरून दिवा लावायचा, मग चकती उलटी करून लावायचा. सरळ धरल्यावर लागला पाहिजे, उलटी धरल्यावर लागता कामा नये. माझ्या चकत्यांनी दिवा दोन्हीकडून लागला. राखेतल्या चकत्यांनी कुणीकडूनच लागला नाही. मग राजूबाईच्या जुन्या घाण्यातली एक शिल्लक होती ती लावली. सरळ धरली, दिवा लागला. उलटी धरली, विझला. तीन वेळा करून दाखवलं त्याने, जणू मला पहिल्यांदा दिसलं नव्हतं.

“तिच्या हाताला यश हाय,” माणिकप्पा म्हणाले.

मी ईरण्णाला विचारलं, “तांबं एकच, भट्टी एकच, कोळसा एकच. मग त्या थरात असं काय न्यारं हाय?”

त्याने मला टाळलं नाही, एवढं त्याचं चांगलं. म्हणाला, “अक्का, पंगत बघितलीय ना? दाटीवाटीनं बसलेली. तो लाल थर म्हंजे तांब्याच्या अन् हवेच्या बारीक कणांची पंगत हाय. ज्याचा त्याचा पाट ठरलेला. समदे पाट भरलेले असले तर कुणाला हलता येत न्हाई. मग वीज जायची कशी? तापवलं की तांब्याचे थोडे कण पाटावरून उठून जातात. पाट रिकामा झाला की शेजारचा त्यावर सरकतो, त्याच्या पाटावर त्याच्या शेजारचा. अशी ती सरकत जाते. पंगतीत जी खोट हाय, तिच्यामुळंच वीज वाहते. बिनखोटीचा थर काही कामाचा न्हाई.”

“मग माझ्या चकत्या?”

“तुम्ही एकदम पाण्यात घातल्या. भर जाळात जितके उठले होते तितके समदे पाट रिकामेच राहिले, कुणाला परत बसायला सवड न्हाई. मग वीज हिकडून बी जाते अन् तिकडून बी. राखेतल्या सावकाश निवल्या, त्यात पाट परत भरून गेले, म्हणून काहीच जाईना. दोन्हीच्या मधलं पायजे. ते किती, हे मला सांगता येत न्हाई. राजूबाईला विचारा.”

राजूबाईला विचारलं ती आल्यावर. ती म्हणाली, “मी काय करणार? भाता मारते, पाण्यात टाकते.” खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मला त्याचाही राग आला. आपल्या हातून काय होतं ते जिला माहीत नाही, तिच्या हाताला यश कसलं आलंय?

त्या दिवशी मी चुलीपुढे बसून पंगतीचाच विचार करत होते. माझ्या पाटावर कोण बसलंय, ह्यापलीकडे खरं म्हणजे त्या विचारात काही नव्हतं. बाहेर भाता थांबला. आता बोलतील, म्हणून मी दात आवळले. बोलले. हसले. मग चर्रर्र झालं. आणि मी भाकरी थापता थापता थांबले.

मी बसले होते तेव्हा भाता थांबल्याबरोबर चर्रर्र झालं होतं. राखेच्या घाण्याला चर्रर्र झालंच नव्हतं. ह्या दोघांच्या घाण्याला आधी बोलणं होतं आणि मग चर्रर्र. इतके दिवस जो वेळ मला सुईसारखा टोचत होता, तोच तो वेळ होता.

दुसऱ्या दिवशी मी कोळसा चाळायचं निमित्त काढून अंगणात बसले आणि बघितलं. चकत्या रंगाला आल्या की राजूबाई जाळी उचलून भट्टीच्या कडेच्या विटांवर ठेवायची. तिथे धग असते, पण जाळ नसतो. चकत्या उतरत उतरत काळपट लाल होत. तोवर ती कनवटीची चंची काढायची. तंबाखूचं पान निवडायची, शीर काढायची, चुना लावायची, चोळायची, फुंकर मारायची, गालात धरायची. मग हात लुगड्याला पुसून जाळी पाण्यात सोडायची. भट्टीच्या धगीने तिचा घसा सुकायचा आणि तंबाखूशिवाय तिला पुढचा घाणा सुचायचा नाही. बस, एवढंच तिचं यश. मी असते तर असला आळस कधी केला नसता. माझ्या आईने मला मारून मारून शिकवलं होतं, तांबं वाट बघत नसतं.

ईरण्णा यायच्या दिवशी सकाळी मी राजूबाईच्या आधी जाऊन दगडावर बसले. ती आली, बघितलं, कोळसा फोडायला गेली. मी चकत्या रंगाला आणल्या, विटांवर ठेवल्या, आणि मनातल्या मनात पान निवडलं, शीर काढली, चुना लावला, चोळलं, फुंकलं. मग पाण्यात सोडल्या. माणिकप्पा माझ्याकडे बघत राहिले. दुपारी ईरण्णाने एकेक चकती लावून बघितली. सरळ लागला, उलट विझला. प्रत्येक चकतीला.

“तंबाखूचा खेळ हाय सगळा,” मी म्हणाले आणि राजूबाईच्या समोर सगळ्यांना समजावून सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. ईरण्णाने मांडीवर थाप मारली. राजूबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

माणिकप्पा म्हणाले, “चांगलं झालं. आता दोघी बसत जावा, आळीपाळीनं.”

मी म्हणाले, “एकच दगड हाय.”

राजूबाई अडून बसणारी नव्हती. संध्याकाळी तिने कोळशाची जागा झाडून काढली, पाटी उपडी घालून ठेवली. म्हणाली, “अक्का, मी भावाकडं जायलेय. त्यालाबी माणूस पायजेच हाय शेतात.” मी तिला थांब म्हणाले नाही. आज ती वेळ परत आली तरी म्हणणार नाही. लुगडं-चोळी मात्र चांगल्यातली दिली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, महानंदाचा हात मोठा. बायकांना काय कळतंय?

तर मी माझ्या जागेवर परत आले. पहिल्या दिवशी भाता मारला, चकत्या रंगाला आल्या, जाळी विटांवर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. आता ते बोलतील. मी पदर नीट केला. माणिकप्पांनी ऐरणीवरची धूळ फुंकली. एक खिळा उचलून बघितला, ठेवला. मी जाळी पाण्यात सोडली. दुसऱ्या घाण्याला मीच म्हणाले, नणंदेकडून निरोप आलाय. ते म्हणाले, “हं.” तिसऱ्याला मी म्हणाले, धाकट्याला खोकला झालाय. “हं.”

किती दिवस मी तो वेळ तशी बसून काढला. भाता मारत असायचे तोवर बरं होतं, काम तरी असायचं. मग एकदा न राहवून विचारलंच, “तिच्याशी तर लई बोलायचात. माझ्याशी बोलायला काय होतंय?”

ते गोंधळले. सांडशी ह्या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, “तिच्याशी तुझंच बोलायचो की.”

“माझं? काय माझं?”

“असंच. ती इचारायची, मी सांगायचो.”

“काय सांगायचात?”

“आता तुलाच तुझं काय सांगू?” असं म्हणून ते खरोखर लाजले. चाळिशी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. “चकत्या बघ, निवतील,” म्हणाले.

मी पुष्कळदा विचारलं. गोडीने विचारलं, रुसून विचारलं, भांडून विचारलं. त्यांच्याकडून दुसरा शब्द निघाला नाही. बायकोचं बायकोजवळ काय बोलायचं असतं, हे त्यांना मुळात समजतच नव्हतं. तिऱ्हाइताजवळ माझं बोलता येत होतं, आणि ते तिऱ्हाईत मी औरादला पाठवून दिलं होतं.

लढाई संपली. विलायतेच्या चकत्या पुन्हा येऊ लागल्या, ईरण्णाचं येणं बंद झालं, आम्ही घागरींवर आलो. पुढच्या सालच्या पावसाळ्यात माणिकप्पांना मुदतीचा ताप धरला. तिसऱ्या आठवड्यात ते लिंगैक्य झाले. शेवटी शुद्धीत होते तेव्हा मी कानाशी लागून पुन्हा तेच विचारलं. आजारी माणसाला असं विचारतात का, असं कुणी म्हणेल. म्हणो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पाणी मागितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी औरादच्या बाजारला गेले. दोन घागरी विकायला नेल्या होत्या, पण त्या विकल्या जाव्यात म्हणून काही गेले नव्हते. राजूबाई मिरच्यांच्या ढिगाशी बसलेली सापडली. वाळली होती, केस पिकले होते. मला बघून तिने पोत्यावर जागा करून दिली. म्हणाली, “ऐकलं मी, अक्का. यायला पायजे होतं. धीर झाला न्हाई.” मग रडली. मोकळेपणी, बाजारात, गिऱ्हाइकांसमोर रडली. मी तिथे सुक्या डोळ्यांनी बसले होते, आणि हिला रडायचा काय अधिकार, असंच माझ्या मनात आलं.

तिचं रडणं थांबल्यावर मी म्हणाले, “राजूबाई, ते तुझ्यापाशी माझ्याबद्दल बोलायचे म्हणं.”

“व्हय. बोलायचे.”

“काय बोलायचे?”

तिने एका मिरचीचं देठ मोडून टाकलं, मग दुसरीचं.

मी म्हणाले, “मला एवढंच पायजे. दुसरं काही मागायला आले न्हाई. भट्टीवरून तुला मीच घालवली, त्याचं काय बोलायचं असंल ते बोल. पण ते सांग.”

तिने मान वर केली. तिचा चेहरा मी कितीदा वाईट नजरेने बघितला असेल, पण असा कधी बघितला नव्हता. माझा असायचा तसा होता तो. चुलीपुढचा.

“अक्का,” ती म्हणाली, “तुमच्याकडं त्यांचं घर हाय. त्यांची लेकरं हायत. त्यांचं नाव लावता तुम्ही. माझ्याकडं काय हाय? ते बोलणं हाय तेवढं. त्यात माझं नाव एकदाबी न्हाई, समदं तुमचंच हाय. तरी ते माझ्यापाशी बसून बोलले. ते मी देत न्हाई.”

मी तिला शिव्या द्यायला हव्या होत्या, किंवा पाया पडायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही. उठले, घागरी उचलल्या आणि मोटारीकडे गेले. तिने मागून हाक मारली, मूठभर मिरच्या पदरात घालायला. मी वळले नाही.

पुढच्या वर्षी रझाकारांची दंगल माजली, रस्ते बंद झाले. पोलीस ॲक्शन झाली आणि रस्ते उघडले तेव्हा कळलं, राजूबाई त्या पावसाळ्यातच गेली. मी तिच्या भावाच्या घरी भेटायला गेले. भावजय भली बाई होती, तिने बसायला घोंगडं टाकलं, चहा केला. बोलता बोलता मी तिला विचारलं, आमच्या भट्टीवरच्या गोष्टी कधी सांगायची का? ती म्हणाली, नाही बाई, तिकडचं ती कधीच काही बोलली नाही.